पिवळा रंग किती सेकंदांत येतो ते बघा

नळाचं पाणी घरच्या घरी तपासायचं किट आमच्या सोसायटीने मागवलं, त्याला आता वर्ष होईल. मुलुंडला आमच्या इमारतीत, गल्लीतल्या शेजारच्या दोन इमारतींत आणि घोडबंदर रोडला माझ्या भावाच्या संकुलात ते फिरतंय. घ्यावं का, असं बरेच जण विचारतात. घ्या. पण एकट्या घरासाठी घेऊ नका, निदान दोन इमारतींनी मिळून घ्या. त्याचं कारण जरा लांबलचक आहे आणि तेच मला इथे लिहायचंय.

आधी पेटीत काय येतं ते सांगते. दोन नळ्यांचा क्लोरोस्कोप (क्लोरीनचा रंग पट्टीशी लावून बघायचं साधन), ओटीची, म्हणजे क्लोरीन असेल तर पिवळा रंग देणाऱ्या ऑर्थोटोलिडीनची, ड्रॉपरवाली बाटली, त्याच कामाच्या डीपीडीच्या गोळ्या, पाण्यात मैला मिसळलाय का ते दाखवणाऱ्या एच-टू-एस चाचणीच्या झाकणबंद बाटल्या आणि विरघळलेले क्षार मोजणारा, खिशात मावणारा टीडीएस मीटर. सगळं मिळून आम्हाला दोन हजारांच्या आत पडलं.

मी शहापूर तालुक्यात आरोग्य सहाय्यिका होते. निवृत्तीनंतर मुलाकडे मुलुंडला राहायला आले. नोकरीत विहिरींची आणि नळयोजनांची ओटी घेण्यातच माझी निम्मी हयात गेली. हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडली की नाही, तासाभराने क्लोरीन दिसतो की नाही, हे बघायचं आणि रजिस्टरला लिहायचं. त्यामुळे या पेटीतली प्रत्येक वस्तू माझ्या हाताखालून गेलेली आहे आणि कुठली किती कामाची, हे मी खात्रीने सांगू शकते.

ओटी चाचणी सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त चुकीची केली जाणारी. नळी त्याच पाण्याने दोनदा विसळायची, खुणेपर्यंत भरायची, ओटीचे थेंब टाकून एकदा हलवायची आणि लगेच पट्टीवरच्या रंगाशी लावून बघायची. लगेच म्हणजे दहा सेकंदांच्या आत. तेवढ्यात उमटणारा पिवळा रंग मोकळ्या क्लोरीनचा, जंतू मारायची ताकद शिल्लक असलेला. नळी तशीच ठेवून पंधरा-वीस मिनिटांनी बघितलीत तर पिवळा गडद झालेला दिसेल, पण त्यात पाण्यातल्या इतर पदार्थांशी बांधला गेलेला, मंद क्लोरीनही मोजला जातो. आमच्या एका सभासदाने नळी ओट्यावर ठेवून आधी चहा घेतला आणि मग "भरपूर क्लोरीन आहे" म्हणून ग्रुपवर टाकलं. त्यांचा काय दोष? किटच्या माहितीपत्रकात सेकंदांचा उल्लेखच नाही. ही त्या किटमधली सर्वांत मोठी उणीव. शिवाय रंग दिवसाउजेडी, पाठीमागे पांढरा कागद धरून बघावा. पिवळ्या बल्बखाली सगळंच पाणी पिवळसर भासतं.

पट्टीवरची पहिली खूण ०.२ ची. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस १०५०० प्रमाणे, लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन नळाच्या टोकापर्यंत टिकलेला हवा. याचा अर्थ पाणी वाटेत कुठे नासलंच, तर त्याला तोंड द्यायला थोडी शिल्लक उरली पाहिजे. ओटीचं रसायन मात्र अंगाला लावून घेण्यासारखं नाही. त्याच्यावर कर्करोगाचा संशय आहे, म्हणून बऱ्याच ठिकाणी ते मागे पडलं आणि डीपीडी आलं. डीपीडीची गोळी टाकली की क्लोरीन असल्यास पाणी गुलाबी होतं आणि मोकळा क्लोरीन जास्त खात्रीने कळतो. पेटीत दोन्ही आहेत. माझं ऐकाल तर डीपीडीच वापरा आणि ओटीची बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

एच-टू-एस बाटली ही या पेटीतली मला सर्वांत आवडणारी वस्तू. ही चाचणी आपल्याच देशातल्या संशोधकांनी १९८२ साली मांडली आणि आज ती खेडोपाडी पोचली आहे. बाटलीत रसायन शोषलेला कागद असतो. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट न लावता खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि उबदार जागी ठेवून द्यायची. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पाणी काळं झालं, तर त्यात मैला मिसळल्याची दाट शंका घ्यायची. माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यातले काही जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात, त्याची कागदातल्या लोहाशी गाठ पडून हा काळा रंग येतो. विजेशिवाय, प्रयोगशाळेशिवाय, पाचवीतल्या पोरालाही समजेल असा निकाल. काळी झालेली बाटली उघडून नुसती मोरीत ओतू नका, आधी तिच्यात जंतुनाशक घाला. आणि काळी झाली नाही म्हणजे पाणी शंभर टक्के निर्धोक, असंही धरू नका. काविळीचे विषाणू ही बाटली ओळखत नाही.

टीडीएस मीटरसाठी पैसे मोजू नका. मुंबईचं पाणी तलावांचं. त्यात मुळातच क्षार कमी. आमच्या नळाला मीटर शंभराच्याही खाली दाखवतो आणि मानकातली इष्ट मर्यादा पाचशेची आहे. विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र जंतूंबद्दल अवाक्षर काढत नाही. गटाराचं पाणी थोडं मिसळलं तरी त्याचा आकडा जेमतेम हलतो.

हे सांगण्याचं कारण, आमच्याकडे एक फिल्टर विकणारा आला होता. त्याने दोन पेल्यांत पाणी घेतलं, एकात आमच्या नळाचं, दुसऱ्यात त्याच्या आरओचं. धातूच्या कांड्या बुडवून वीज चालू केली. नळाचं पाणी बघता बघता तांबूस-काळं, गाळाचं झालं आणि आरओचं तसंच राहिलं. माझी सून घाबरून गेली, नातवाला ती हेच पाणी पाजत होती. मी त्या मुलाला म्हटलं, बाळा, आता तुझ्या पेल्यात चिमूटभर मीठ टाक आणि परत लाव. तो टाकेना. मी टाकलं. त्याच्याही पेल्यात तोच गाळ आला. क्षारांमुळे पाण्यातून वीज जाते, कांडीतलं लोखंड झिजून पाण्यात उतरतं, तोच हा गाळ. क्षार काढून टाकलेल्या पाण्यातून वीज नीट जातच नाही. पाचशेच्या खाली टीडीएस असेल तिथे आरओला बंदी घालावी, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच म्हटलंय. आयांच्या भीतीवर असा धंदा होतो याचा मला मनापासून राग येतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. किटचा खरा उपयोग कळला तो पाण्याच्या मीटरपाशी, म्हणजे पालिकेचं पाणी इमारतीत शिरतं तिथे.

मुंबईला येणारं पाणी चांगलं आहे, हे मी आधी स्पष्ट लिहिते. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा, मग तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि सर्वांत अलीकडचं मध्य वैतरणा. भांडुप आणि पांजरापूरच्या केंद्रांत पाणी गाळून, क्लोरीन देऊन जलाशयांतून शहरात येतं. २०१९ साली भारतीय मानक ब्युरोने राज्यांच्या राजधान्यांतलं नळाचं पाणी तपासलं, तेव्हा मुंबईचे दहाच्या दहा नमुने उतरले होते आणि दिल्लीचे सगळे नापास झाले होते. शंभर किलोमीटरपलीकडून पाणी आणून ते असं देणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे. त्यातले पाण्याचे व्हॉल्व्ह उघड-बंद करणारे चावीवाले तर आपल्याला दिसतसुद्धा नाहीत.

तरी आमच्या गच्चीवरच्या टाकीतून घेतलेल्या नमुन्याला रंगच येईना. मीटरपाशी छान पिवळा, सक्शन टँकमध्ये (पालिकेचं पाणी आधी साठतं त्या खालच्या टाकीत) फिकट, गच्चीवर शून्य. टाक्या साफ केल्याचं प्रमाणपत्र तर नोटीस बोर्डावर लावलेलं. सक्शन टँकचं झाकण काढून बॅटरी मारली, तर तळाला हाताची बोटं बुडतील एवढा गाळ. ठेकेदाराने वरच्या टाक्या धुतल्या होत्या आणि खालची तशीच सोडून प्रमाणपत्र मात्र दोन्हींचं दिलं होतं. गाळ क्लोरीन खातो. त्यात कमिटीने पाणीकपातीच्या धास्तीने टाक्या सतत काठोकाठ ठेवायची सवय लावलेली, त्यामुळे पाणी दोन-दोन दिवस साठून राहायचं. सक्शन टँक उपसून घासली, पंपाच्या वेळा बदलल्या आणि गच्चीवर पिवळा रंग दिसायला लागला.

मग गल्लीतल्या इतरांनी किट मागितलं. दुसऱ्या इमारतीचं ठीक निघालं. तिसरीत मीटरपाशीच रंग नाही. तिथल्या सेक्रेटरींना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "ताई, तुमचं किटच खराब असेल." रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. कुणीतरी बाहेरचं येऊन तुमचं पाणी वाईट म्हणतं, तेव्हा माणूस आधी स्वतःचा बचाव करतो. मी त्यांना म्हटलं, उद्या पाणी आल्यावर तिन्ही मीटरपाशी आपण सगळे मिळून घेऊ. तेच किट, तीच वेळ, तुमच्या हाताने. सकाळी पाणी आलं, पहिली काही मिनिटं जाऊ दिली आणि तिन्ही नळ्या एका कागदावर ओळीने उभ्या केल्या. दोन पिवळ्या, तिसरी नितळ पांढरी. सेक्रेटरी काही बोलले नाहीत, त्यांनी खिशातून फोन काढून प्लंबरला लावला.

परवाना असलेल्या प्लंबरने उकरलं तेव्हा त्यांची जुनी जीआयची, म्हणजे लोखंडी, सर्व्हिस लाइन (मीटरपर्यंत पाणी आणणारा पाइप) गटारातून गेलेली दिसली आणि एक जॉइंट गंजून कुजलेला. पाणी चालू असताना दाबामुळे ते बाहेर गळतं. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि त्याच भोकातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. ठराविक तासच पाणी येणाऱ्या शहरात ही गोष्ट कुठेही होऊ शकते. त्या इमारतीत पावसाळ्यात पोरांना सारख्या उलट्या-जुलाब का होत होते, ते तेव्हा उलगडलं. लाइन गटाराच्या वरून नवी टाकली आणि तिसरी नळीही पिवळी झाली. आता तिन्ही सोसायट्यांचं एकच रजिस्टर आहे. वेळ, ठिकाण, आकडा आणि दोन वेगळ्या इमारतींतल्या माणसांच्या सह्या.

सह्यांची ही पद्धत मी नोकरीतून आणली. टीसीएल टाकायची ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने आणि तपासायची आम्ही आरोग्यवाल्यांनी. नुसता आमचा कागद गेला की भांडण व्हायचं. जलसुरक्षकाला बाजूला उभं करून त्याच्याच हाताने ओटी घेतली की तो दुसऱ्या दिवशी आपणहून पावडर टाकायचा. गावांना पाण्याच्या स्रोतांच्या पाहणीनंतर लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं आणि सलग पाच वर्षं हिरवं राहिलं तर चंदेरी. मुंबईतल्या सोसायट्यांनाही असं कार्ड असावं, असं मला फार वाटतं. पाहणी मात्र शेजारच्या सोसायटीने करावी.

भावाकडे घोडबंदरला गेले तेव्हा हेच मोठ्या प्रमाणावर बघितलं. ठाणे शहराचं पाणी एका जागचं नाही. महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम, एमआयडीसी आणि थोडं मुंबई महापालिकेकडून येणारं. त्यातल्या स्टेमची रचना मला आवडते: ठाणे, भिवंडी-निजामपूर आणि मिरा-भाईंदर या तीन महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद यांची मिळून ती कंपनी, उल्हास नदीचं पाणी सगळ्यांना देणारी. भाऊ म्हणाला, "ताई, पाणी तर आरशासारखं स्वच्छ आहे." त्याच्या मीटरपाशी डीपीडी गुलाबी झाली, काळजी मिटली. पण उन्हाळ्यात त्यांच्या संकुलात खासगी टँकरही येतो आणि तो त्याच सक्शन टँकमध्ये रिकामा होतो. टँकरच्या नळीतून घेतलेली एच-टू-एस बाटली दुसऱ्या दिवशी शाईसारखी काळी. दोन पाणी एका टाकीत मिसळल्यावर दोष कुणाला देणार? म्हणून आता टँकर रिकामा करण्याआधी ड्रायव्हरसमोर डीपीडी होते. रंग नाही आला तर टँकर परत. पुरवठादार आता टँकर भरतानाच क्लोरीन टाकून पाठवतो.

जगात पाणी पुरवणाऱ्या काही संस्था असंच शेजाऱ्याला सोबत घेऊन, एकमेकांचे आकडे बघून सुधारल्या आहेत, आणि मला हे किटपेक्षाही महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेत मिलवॉकी शहरात १९९३ मध्ये क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी गाळणीतून सुटून नळात गेला आणि सुमारे चार लाख लोक आजारी पडले. हा जीव क्लोरीनला दाद देत नाही. त्या दिवशी आमचं किट तिथे असतं, तर रंग झकास आला असता. तो अडतो तो नीट चालणाऱ्या गाळणीपाशी, आणि गाळणी बिघडल्याची पहिली खूण म्हणजे वाढलेला गढूळपणा. त्यानंतर १९९५ मध्ये अमेरिकेतल्या पाणीपुरवठा संस्थांनी सुरक्षित पाण्यासाठी एक भागीदारी उभी केली. कायद्याने मागितलेल्यापेक्षा कडक कसोटी स्वतःला लावायची, आपल्या गाळण्यांचे आकडे स्वतः तपासायचे आणि मग तो अहवाल दुसऱ्या संस्थांतल्या याच कामातल्या माणसांनी वाचायचा. यात शिक्षेचा भाग नाही. शेजारच्या शहरातला इंजिनिअर आकडे बघून विचारतो, हा गढूळपणा पहाटेच का वाढतो?

दुसरं उदाहरण आपल्या आशियातलं आहे. कंबोडियात नोम पेन्हची पाणी यंत्रणा युद्धाने मोडून पडलेली. १९९३ मध्ये शंभरातलं बहात्तर लिटर पाणी गळतीत आणि चोरीत जायचं. एक सोन चान (‘एक’ हे त्यांचं आडनाव) यांनी ती उभी केली, त्यांना २००६ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या हाताला हात लावायला जपानच्या किताक्युशू शहराच्या पाणी विभागातले लोक आले, सल्लागार कंपनीचे नव्हे, रोज आपल्या शहराचं पाणी सांभाळणारे. पाइपातला दाब आणि प्रवाह भागवार मोजायचा, रसायनं किती घालायची, नमुने कसे घ्यायचे, हे त्यांनी शेजारी उभं राहून शिकवलं. गळती सहा टक्क्यांच्या आसपास आली आणि तिथले लोक नळाचं पाणी पिऊ लागले. २००६ मध्येच संयुक्त राष्ट्रांच्या सल्लागार मंडळाने अशा जोड्या जगभर लावाव्यात असं सुचवलं आणि २००९ पासून यूएन-हॅबिटॅटच्या छत्राखाली ते काम चालतं. त्यातली अट मला फार पटते: मदत करणाऱ्या संस्थेने त्यातून नफा कमवायचा नाही.

आपल्या भागात पाणी आधीच वाटून घेतलं जातं. मुंबईच्या वाहिन्यांतून ठाणे-भिवंडीला पाणी जातं. सूर्या प्रकल्पातून एमएमआरडीएची वसई-विरार आणि मिरा-भाईंदरसाठी दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरची योजना आहे. म्हणजे एका संस्थेने गाळलेलं पाणी दुसरीच्या पाइपातून तिसऱ्याच्या टाकीत जाणार. जिथे एकाचं पाणी दुसऱ्याच्या ताब्यात जातं, तिथे किती पाणी गेलं ते मोजणारा मीटर असतोच. त्याच जागी क्लोरीन आणि गढूळपणाचा आकडा दोन्हीकडच्या माणसांनी एकाच वेळी घ्यावा, दोघांनी सही करावी आणि तो आकडा रोज लोकांना बघायला मिळावा, एवढी माझी मागणी आहे. आणि या भागीदारीत शहापूरला जागा द्या. भातसा, तानसा तिथे आहेत, पण त्या धरणांच्या आसपासचे पाडे एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात, हे मी नोकरीभर पाहिलंय. मुंबईच्या प्रयोगशाळेतला एक माणूस महिन्यातून एकदा तिथल्या जलसुरक्षकांबरोबर उभा राहिला, तर त्या पोरांना केवढं शिकायला मिळेल.

किटबद्दल राहिलेलं. एच-टू-एस बाटल्यांवरची मुदत बघून घ्या, आमच्या दुसऱ्या खेपेत संपत आलेल्या आल्या होत्या. त्या आणि डीपीडीच्या गोळ्या सुट्या मिळतात, पूर्ण पेटी परत घ्यायची गरज नाही. ओटी अंधाऱ्या जागी ठेवा. नळ्या साबणाने धुऊ नका, साबण राहिला तर रंग फसवतो. पावसाळ्यात पाणी गढूळ दिसलं तर आकडा कितीही चांगला असो, उकळूनच प्या.

भिवंडी, मिरा रोड किंवा नालासोपाऱ्याकडे कुणी मीटरपाशी क्लोरीन बघत असेल, तर आकडा खाली लिहा. वॉर्ड, वेळ, आणि नमुना पाणी आल्या आल्या घेतला की मधल्या वेळात, तेही लिहा.